बारापैकी बारा

तिचा उजवा खांदा डाव्यापेक्षा बोटभर खाली होता. शिंप्याला ते ठाऊक होतं. तिचा कपडा शिवताना तो न विचारता उजव्या खांद्याला आतून दुहेरी तुकडा लावायचा, कारण बाकी कपडा नवाकोरा असताना तेवढाच भाग विरून त्याची जाळी व्हायची. त्या जागेवर एकोणीस वर्षं भावाचा पंजा होता. सकाळी घर ते कौलांचा कारखाना, दुपारी भट्टी ते नळ, संध्याकाळी कारखाना ते घर. कारखान्यातली माणसं तिला खांदाच म्हणायची.

"खांदा आली का रे?"

"आली. मागून टिचक्या पण आला, चिकटलेला."

आईबापानं ठेवलेलं नाव तिला होतं, पण ते घ्यायची वेळ कुणावर येत नसे.

टिचक्या हा तिचा थोरला भाऊ. नवव्या वर्षी तापात त्याचे डोळे गेले आणि कान उघडले. भट्टीतून निघालेलं कौल तो डाव्या हातावर तोलायचा आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटानं टिचकी मारायचा. खण्ण वाजलं की कौल थप्पीवर, भद्द वाजलं की फेकायचं. डोळसाला भिंगातून दिसणार नाही असा केसाएवढा तडा त्याला ऐकू यायचा. दिवसाला दोन हजार कौलं त्याच्या बोटाखालून जायची आणि त्यानं पास केलेलं एक कौल कधी परत आलं नाही. मालकाच्या सहीला नव्हता तेवढा त्या बोटाला मान होता. माणूस आधीच तोंडाळ, त्यात मान मिळाला. माजला.

एकेक कौल उचलून त्याच्या हातात द्यायचं काम खांदाचं. हजेरीपटावर तिचं नाव नव्हतं. मुकादम म्हणायचा, "ती कुठे कामाला येते? ती त्याला घेऊन येते."

आधी हे काम आईचं होतं. एके दिवशी कारखान्याच्या चढावर आईचे गुडघे बसले. तिनं आपल्या खांद्यावरचा मुलाचा हात उचलला, मागून येणाऱ्या मुलीच्या खांद्यावर ठेवला आणि म्हणाली, "धर गं जरा, मी दम खाते." पुढे चार वर्षं आई दम खात बसली आणि मग मेली. मुलगी ते 'जरा' धरून चालत राहिली.

स्थळं आली नाहीत असं नाही. तीन आली. तिघांनी चहा घेतला, तिला पाहिलं, मग तिच्या खांद्यावरचा पंजा पाहिला आणि विचारलं, "आणि हे?" टिचक्या दात काढून स्वतःच सांगायचा, "हे पण." चौथं स्थळ आलं नाही.

ती काही गरीब गाय नव्हती. चिडली की त्याला मुद्दाम चिखलातून न्यायची आणि वर म्हणायची, "अगंबाई, दिसलंच नाही." तो तिच्या मानेवर टिचकी मारून म्हणायचा, "भद्द. हिला बाजूला काढा." असं दोघांचं चाललं होतं आणि मरेपर्यंत तसंच चाललं असतं.

मग पट्टा आला.

आंधळ्यांसाठी यंत्रं बनवणाऱ्या एका संस्थेला पाच माणसं हवी होती, अडचणीच्या जागी वावरणारी. कौलांच्या कारखान्याइतकी अडचण दुसरीकडे कुठे असणार? हातगाड्या, थप्प्या, आडव्या फळ्या, वाकलेली माणसं आणि मधेच मालकाचं कुत्रं. संस्थेची इंजिनिअर बाई आली. चष्मेवाली, पोरसवदा. तिनं टिचक्याच्या कपाळावर कॅमेऱ्याची पट्टी बांधली आणि कमरेला एक रुंद पट्टा. कॅमेऱ्यानं बघायचं, पट्ट्यानं सांगायचं. डावीकडे काही आलं की पट्टा डाव्या बरगडीखाली गुरगुरायचा, समोर आलं की बेंबीवर. वस्तू जवळ येईल तशी गुरगुर वाढायची.

"म्हणजे आता बेंबीनं बघायचं," टिचक्या म्हणाला. "आणि पोट भरल्यावर?"

"तरी दिसेल," बाई हसली.

"मग बाईमाणसाची पंचाईत आहे. समोरून येणारा सगळा बेंबीवरच."

बाईच्या कानापर्यंत लाली गेली. मुकादमाला हसून हसून ठसका लागला.

अट साधी होती. सहा महिने पट्टा वापरायचा. शेवटी संस्थेच्या हॉलमध्ये परीक्षा. बारा अडथळे मांडलेले असतील. पहिल्या दिवशी पट्टा न लावता चालवून बघितलं तेव्हा टिचक्या बारापैकी सात ठिकाणी धडकला होता. शेवटच्या परीक्षेत तीन किंवा त्याहून कमी आले तर पट्टा कायमचा त्याचा. जास्त आले तर परत.

खांदानं दोनदा विचारून घेतलं. "कायमचा म्हणजे मग ह्याला कुणी धरायला नको?"

"नको, ताई. त्यासाठीच तर हे सगळं."

त्या दिवसापासून ती कामाला लागली. दुपारी टिचक्या पोत्यांवर आडवा झाला की ती त्याची पट्टी आणि पट्टा स्वतःला बांधायची, त्याच्याच घामाच्या फडक्यानं डोळे करकचून बांधायची आणि थप्प्यांमधून चालायची. पट्टा काय बोलतो ते आपल्यालाच कळलं नाही तर ह्या रेड्याला काय शिकवणार? पहिल्या दिवशी सरळ पाण्याच्या हौदात गेली. पंधरा दिवसांत दोन्ही पोटऱ्या काळ्यानिळ्या झाल्या. पण महिनाभरात तिला मेख सापडली. गुरगुर बेंबीवर आली की लगेच वळायचं नाही. अर्धं पाऊल पुढे टाकायचं, गुरगुर कुठल्या बाजूला सरकते ते बघायचं आणि उलट्या बाजूनं जायचं. हे इंजिनिअर बाईलाही माहीत नव्हतं. तिनं ते वहीत लिहून घेतलं.

टिचक्याला ते अर्धं पाऊल शिकवायला दोन महिने गेले. भट्टीच्या मागच्या भिंतीवर खांदा कोळशानं रेघा मारायची. एक धडक, एक रेघ. पहिल्या आठवड्यात एकेचाळीस रेघा होत्या. पाचव्या महिन्यात अख्ख्या महिन्याच्या मिळून दोन, आणि त्यातली एक कुत्र्याची. ती धरायची की नाही यावर वाद झाला, कारण कुत्रंच त्याला धडकलं होतं.

टिचक्या एकटा नळावर जाऊ लागला. मग कोपऱ्यावरच्या दुकानात. मग बाजारात. परत आला की छाती पुढे काढून सांगायचा, "आज एका म्हातारीला बाजू दिली मी. मी! म्हटलं, या आजी, तुम्ही पुढे व्हा." कारखान्यातली माणसं चेष्टा म्हणून श्वास रोखून त्याच्या वाटेत उभी राहायची. तो अर्धं पाऊल टाकायचा, वळसा घालायचा आणि जाता जाता त्यांच्या टकलावर अचूक टिचकी ठेवून द्यायचा. "कच्चं भाजलंय."

तिला म्हणाला, "आता माझ्या मागे मागे कशाला येतेस गं? पट्टा निदान बडबडत तरी नाही."

तिला वाईट वाटलं नाही. तिनं हातातला डबा खाली ठेवला, दोन्ही खांदे गोल फिरवले आणि हाडं कडकडू दिली.

फाटकावरचं हजेरीचं घड्याळ बंद पडलं म्हणून त्याच सुमारास घड्याळवाला आला. पंचेचाळिशीचा, विधुर. बसनं दोन तासांवरच्या गावात त्याचं दुकान होतं. घड्याळ एका फेरीत दुरुस्त होण्यासारखं होतं, पण तो चार वेळा आला. चौथ्या वेळी शिडीवरूनच म्हणाला, "मला खोटं बोलता येत नाही. घरी आई आहे. अंथरुणाला खिळलेली. तिचं सगळं करावं लागतं. सगळं म्हणजे सगळं."

शिडी धरून उभ्या असलेल्या खांदानं वर न बघता विचारलं, "वय काय?"

"त्र्याऐंशी."

तिनं मनात हिशेब केला आणि तो करताना तिला कसली लाज वाटली नाही. टिचक्या चाळिशीचा, दात शाबूत, आजार कसला तो माहीत नाही. त्र्याऐंशीची म्हातारी किती दिवस पुरणार? म्हातारी आज ना उद्या जाईल. हा जायचा नाही.

"पण तुमच्या भावाला नाही हं घेता यायचं," घड्याळवाला म्हणाला. "जागा नाही. तुम्ही सुटत असाल तर सांगा. परीक्षेच्या दिवसापर्यंत वाट बघतो. त्या संध्याकाळी आलात तर आलात. नाहीतर दुसऱ्या दिवशी मी दुसरीकडे होकार कळवणार. तिथेही बोलून ठेवलंय."

तिला त्याचा हा रोखठोकपणा आवडला. गोड बोलणाऱ्यानं फसवलं तर राग येतो. ह्यानं फसवायला जागाच ठेवली नव्हती.

मुकादमाच्या पोटात काही राहत नाही. "टिचक्या, बहीण चालली रे तुझी. घड्याळवाला नेतोय."

"नेऊ दे की. पीडा टळेल," टिचक्या म्हणाला आणि घड्याळवाल्याला बोलावणं धाडलं. "या हो, जरा वाका." तो वाकला. टिचक्यानं त्याच्या कपाळावर टिचकी मारली. सगळे कान देऊन उभे.

"काय वाजलं?" घड्याळवाल्यानं कपाळ चोळत विचारलं.

"आत काहीच नाही. घेऊन जा हिला, जोडी जमेल."

हशा झाला. टिचक्याही हसला. पण त्या दिवशी दुपारनंतर त्यानं सोळा चांगली कौलं फेकली.

मग त्याची किरकिर सुरू झाली.

"बटणं कोण लावणार?"

"दोन हजार कौलं वाजवायला बोटं आहेत ना तुला?"

"नखं कोण काढणार?"

"दात आहेत."

एरवी तो यावर खो खो हसला असता. आता हसला नाही. म्हणाला, "आईनं तुला माझ्यासाठी ठेवलंय."

"आईनं जरा म्हटलं होतं, दादा."

परीक्षेला आठवडा उरला असताना एका सकाळी तिच्या उजव्या खांद्यावर पुन्हा पंजा आला. कमरेला पट्टा होता. "गरम होतोय," तो म्हणाला, "चटका बसतो." तिनं हात लावून पाहिला. पट्टा गार होता. तिनं मनाशी म्हटलं, घाबरलाय. परीक्षेला भलेभले घाबरतात.

परीक्षेच्या सकाळी दोघं बसनं शहरात गेली. तिनं जातानाच परतीचीही दोन तिकिटं काढून ठेवली.

संस्थेचा हॉल लांबलचक, फरशी लख्ख पुसलेली. मधे सहा खुर्च्या, दोन स्टुलं, एक टब, एक कचऱ्याची पेटी, दारासारखी उभी केलेली एक चौकट आणि कपाळाच्या उंचीवर दोरीनं टांगलेली एक फळी. मोजून बारा. भिंतीलगतच्या बाकावर खांदा बसली. इंजिनिअर बाईनं वही उघडली.

टिचक्या निघाला. पहिली खुर्ची. धड. दुसरी. धड. खांदा अर्धी उठली. तिसरं स्टूल उजवीकडे बरंच लांब होतं, सरळ गेला असता तर बोटही लागलं नसतं. तो अर्धं पाऊल थांबला, उजवीकडे वळला आणि स्टुलावर जाऊन आदळला. तिनं शिकवलेलंच अर्धं पाऊल. फक्त वळला तो गुरगुर आली त्या बाजूला.

ती पुन्हा खाली बसली.

चौथी, पाचवी, सहावी. टबात त्यानं पाय असा घातला की टब फरशीवर गरगर फिरत गेला. मग टांगलेली फळी आली. फळीच्या हातभर अलीकडे त्यानं कपाळावरची पट्टी अंगठ्यानं वर सरकवली, कॅमेरा फुटू नये म्हणून. आणि मग कपाळ दिलं. भुवई फुटली. रक्त नाकाच्या कडेनं खाली आलं, पट्टी पुन्हा खाली ओढून ते चाटत तो पुढे गेला. उरलेल्या सगळ्या वस्तू त्यानं एकेक करून शोधून काढल्या.

"बारा," इंजिनिअर बाई म्हणाली. तिची तीन वर्षांची मेहनत होती त्या पट्ट्यात. "बारापैकी बारा. होतं असं, ताई. दडपण येतं."

खांदानं विचारलं, "मॅडम, पट्टा नव्हता तेव्हा हा कितींना धडकला होता?"

"सात."

"आंधळेपणी सात. आणि पट्टा लावून बारा." ती शांतपणे म्हणाली. "आंधळ्याची एखादी तरी चुकून चुकते, मॅडम. सगळ्या सापडायला दिसावं लागतं."

"काय बोलतेस?" टिचक्या ओरडला. "यंत्र बिघडलंय! त्यानंच मला नेऊन घातलं!"

तिनं त्याच्या कमरेचा पट्टा सोडला, कपाळावरची पट्टी काढली, त्याच्या रक्तानं ओली झालेली, आणि दोन्ही स्वतःला बांधली. त्याच्याच खिशातलं फडकं डोळ्यांवर आवळलं. "मॅडम, सगळं हलवा. मला कळू न देता मांडा."

बाईनं हलवलं. खुर्च्या उचलून ठेवल्या, घसटल्यासुद्धा नाहीत. टिचक्या हॉलच्या कडेला मान वाकडी करून उभा, कौल ऐकताना करतो तशी. ती निघाली. त्याला फक्त तिची पावलं ऐकू येत होती. अर्धं पाऊल, थांबणं, वळणं. अर्धं पाऊल, थांबणं, वळणं. पलीकडच्या टोकाला टबाची कड तिच्या पायाला नुसती लागली. टुण्ण. बाकी हॉलभर काही वाजलं नाही, आणि जे वाजलं नाही ते टिचक्यानं एक ते अकरा नीट ऐकलं.

"एक," ती फडकं सोडत म्हणाली. "लिहा."

इंजिनिअर बाई रडवेली झाली. "नाही लिहिता येत, ताई. तुम्ही डोळस. डोळस माणसाचा आकडा धरत नाहीत."

"मग ह्याला पुन्हा चालवा."

"चालवते की. आत्ता चालवते. चला, दादा."

"मी चालणार नाही," टिचक्या म्हणाला आणि होता तिथे फरशीवर मांडी घालून बसला. चाळीस वर्षांचा बाप्या.

वही मिटली. पट्टा खोक्यात गेला. एका टेबलावरच्या कागदावर टिचक्याचा अंगठा घेतला आणि झालं.

बाहेर पडताना त्यानं हात पुढे केला. खांदा जागेवर होता. "भूक लागली," तो म्हणाला. ती नेहमीसारखी बोलत चालली. "पायरी. अजून एक. उजवीकडे खांब. पाणी सांडलंय, जपून." आवाजात काही नव्हतं, म्हणून तो खुशीत आला. "रविवारी माझी नखं काढ," म्हणाला. "आणि तो घड्याळवाला, काही खरा नव्हे गं तो. पोकळ. मी वाजवून बघितलाय."

"हो ना," ती म्हणाली.

बसस्थानकावर तिनं त्याला एका बाकावर बसवलं. डबा मांडीवर ठेवला. तिकिटं त्याच्या हातात दिली. "थांब, आलेच." पाणी आणायला, लघवीला, कशालाही जाताना एकोणीस वर्षं ती हेच म्हणत आली होती. तो थांबला. डबा उघडून जेवला.

हात पुसताना तिकिटं बोटांत आली. त्यानं ती उलटसुलट चाचपली. दोन होती.

तेवढ्यात त्याला पावलं ऐकू आली. हजारात ओळखली असती. उजवं पाऊल जड पडणारी, खांद्यावरच्या वजनानं तशी झालेली. पावलं त्याच्याकडे येत नव्हती. चौथ्या फलाटावर पत्र्याच्या तीन पायऱ्या चढली. कंडक्टर घड्याळवाल्याच्या गावाचं नाव ओरडत होता. घंटी झाली.

टिचक्यानं तिला हाक मारली नाही. आईवरून एक शिवी हासडली, स्वतःच्याच आईवरून, आणि उठून आवाजाच्या दिशेनं धावला. तीन पावलं गेला असेल, लोखंडी खांब कपाळावर आला. सकाळच्याच जागी. ह्या वेळी अंगठा वर गेला नव्हता. हा तेरावा. तो कुणी मोजला नाही.

आता कारखान्याच्या फाटकापासून भट्टीपर्यंत एक दोरी बांधली आहे. मुकादमाची युक्ती. टिचक्या ती धरून येतो आणि ती धरूनच जातो. घरून फाटकापर्यंत ज्याला वेळ असेल तो आणतो, वेळ नसेल त्या दिवशी तो उशिरा येतो, चिखलानं भरलेला. दोरीवर लोक ओले कपडे वाळत घालतात. एकदा कुणीतरी दोरीचं टोक सोडून हौदाच्या खुंटीला बांधलं. टिचक्या कमरेपर्यंत पाण्यात गेला, आणि ज्यांच्या टकलांवर त्यानं टिचक्या मारल्या होत्या ते सगळे रांगेत उभे होते. बहिणीला मात्र सगळ्यांनी नावं ठेवली. आंधळ्या भावाला स्टँडवर टाकून गेली, कसली ही बाई. दोरी ज्यानं सोडली तोसुद्धा हेच म्हणायचा.

कान अजून शाबूत आहे. म्हणून नोकरी आहे.

परवा, म्हणजे सहा वर्षांनी, फाटकावरचं घड्याळ पुन्हा बंद पडलं आणि घड्याळवाला आला. शिडीवर चढला. खाली मुकादम उभा. टिचक्या भट्टीपाशी टिचक्या मारत बसलेला, पण मान वाकडी झालेली होती.

"काय, आमची खांदा कशी आहे?" मुकादमानं विचारलं.

"आहे की. ती बरी आहे." घड्याळवाला काटा फिरवत म्हणाला. "दर दोन तासांनी आईची कूस बदलावी लागते ना, रात्रीची झोप नसते एवढंच. उचलून उचलून डावा खांदा धरलाय म्हणते."

"आणि म्हातारी?"

"एकोणनव्वद पूर्ण झाली. डॉक्टर म्हणतो, काळीज खणखणीत आहे. अजून दहा वर्षं बघायला नको."

भट्टीपाशी टिचक्या हसायला लागला. इतका हसला की हातातलं चांगलं कौल सुटलं आणि फुटलं.